सगळे आकडे शून्यावर का संपतात?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आवाज नीट येतोय असं धरून चालते. मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला होता, ‘ताई, तुम्ही स्वतःला डॉक्टर म्हणवता, मग तुमचा दवाखाना कुठे आहे?’ अगदी रास्त प्रश्न आहे. परभणीला घरी गेले की शेजारच्या काकूही हाच प्रश्न विचारतात, फक्त त्या जरा हळू आवाजात विचारतात. आणि माझ्या बाबांनी तर पहिली दोन वर्षं लोकांना मी नेमकं कशात एमडी करतेय हे सांगितलंच नव्हतं. ‘एमडी करतेय’ एवढं बोलून विषय बदलायचे.

तर मी फिजिऑलॉजीत एमडी केलं. मराठीत शरीरक्रियाशास्त्र. हृदय चालतं कसं, मूत्रपिंड गाळतं कसं, नसेतून संदेश जातो कसा, म्हणजे सगळं ठीक चाललेलं असताना शरीर काय करतं, याचं शास्त्र. पेशंट नाही, ओपीडी नाही, रात्रीची ड्युटी नाही. सीट वाटपात ही शाखा बहुतेकदा शेवटी जाते. मलाही ती शेवटीच मिळाली, खोटं कशाला सांगू. मेडिसिन हवं होतं, रँक कमी पडली.

मग दवाखाना नाही, तर तीन वर्षं करता काय? शिकवायचं, प्रॅक्टिकल घ्यायची, थीसिस लिहायचा. आणि सेमिनार. आज त्या सेमिनारबद्दलच बोलायचंय, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा अर्धा तास आणि सगळ्यात उपयोगी अर्धा तास, दोन्ही एकाच खोलीत गेले. खरं तर तो एकच अर्धा तास होता.

आधी खोली डोळ्यांसमोर आणा. सरकारी मेडिकल कॉलेज, जुनी इमारत, उंच छत. एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात कायमोग्राफचे जुने ड्रम. पूर्वी बेडकाच्या स्नायूचे प्रयोग व्हायचे, ड्रमवर कागद गुंडाळून त्याला धुराने काजळी धरायची आणि त्या काजळीवर स्नायूची हालचाल सुई ओढायची. आता बेडूक गेले, ते सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात, पण ड्रम कोणी टाकत नाही. मध्ये लांब टेबल, समोर प्रोजेक्टर, त्याचा रंग जरा हिरवट. दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता सेमिनार. एका गुरुवारी विषयाचा सेमिनार, पुढच्या गुरुवारी जर्नल क्लब, आणि अधूनमधून ज्याच्या थीसिसचा डेटा गोळा होत आलाय त्याने तो सगळ्यांपुढे मांडायचा. शेवटी चहा आणि पार्ले-जी. एचओडी मॅडमचा मूड चांगला असेल तर बटाटेवडे.

माझा पहिला सेमिनार होता रक्तदाबावर. मी चौसष्ट स्लाइड केल्या. चौसष्ट! गायटनची पानंच्या पानं उतरवली आणि पडद्याकडे तोंड करून वाचत सुटले. विसाव्या स्लाइडला मॅडम म्हणाल्या, ‘थांब. बीपी घेताना स्टेथोस्कोपमध्ये आवाज येतो, तो कशाचा?’

मी म्हटलं, ‘कोरोटकॉफ साउंड, मॅडम.’

‘ते नाव झालं. आवाज कशाचा?’

‘रक्त खळखळतं त्याचा.’

‘हृदयाचा का नाही? हृदयही ठोके देतंय, तेही त्याच वेळी. तुला कसं माहीत?’

मला माहीत नव्हतं. पुस्तकात होतं म्हणून म्हटलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पुढच्या गुरुवारी ये. स्लाइड नको, बीपीचं मशीन घेऊन ये.’

त्या आठवड्यात मी वाचलं ते थोडक्यात सांगते, कारण गोष्ट भारी आहे. रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला इंग्लंडच्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने. घोडीच्या धमनीत नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त चढलं आठ फूट तीन इंच. १७३३ साली त्याने हे छापलं. आता ही पद्धत तुमच्या-आमच्यावर कोण करून घेणार? मग १८९६ला इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा फुगवता येणारा पट्टा केला. त्यासाठी सायकलच्या ट्यूबचं रबर वापरलं. पट्टा फुगवायचा, मनगटावरची नाडी बंद झाली की पाऱ्याकडे बघायचं. पण यात फक्त वरचा आकडा कळतो, खालचा नाही.

खालचा कळला तो निकोलाय कोरोटकॉफ या रशियन सर्जनमुळे. हा युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या रक्तवाहिन्या तपासायचा, त्यामुळे धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची त्याला सवय. पट्ट्याची हवा सोडताना तो कोपराच्या खोबणीत ऐकत बसला. आधी शांतता, मग टक्‌ टक्‌, मग आवाज बदलत जातो, शेवटी गायब. सुरू झाला तो वरचा आकडा, गायब झाला तो खालचा. नोव्हेंबर १९०५मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीच्या बैठकीत त्याने हे सांगितलं. सगळा अहवाल पानभरही नाही, रशियनमध्ये २८१ शब्द. माझ्या चौसष्ट स्लाइड आठवा.

आणि त्या बैठकीत त्याच्यापुढे काय शंका आली असेल? हाच आवाज हृदयाचा कशावरून नाही? मॅडमनी मला विचारलेला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी त्यालाही विचारला गेला होता! त्याने उत्तर दिलं की आवाज त्या जागीच तयार होतो, आणि महिन्याभराने जनावरांवरचे प्रयोग घेऊन परत त्याच मंडळींसमोर उभा राहिला. सेमिनार म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बरं, पट्टा सैल असताना त्या जागी काहीच ऐकू येत नाही, पूर्ण घट्ट केला तरी ऐकू येत नाही. मधल्या दाबातच येतं. हृदय तर तिन्ही वेळा चालूच असतं ना? एवढी साधी गोष्ट, पण मी हजार वेळा बीपी घेऊनही हा विचार केला नव्हता. गंमत म्हणजे तो आवाज नेमका कसा तयार होतो, भिंत थरथरते म्हणून की प्रवाह भोवरे घेतो म्हणून, यावर अजूनही वाद आहेत. मी ‘खळखळतं’ म्हणून मोकळी झाले होते.

जर्नल क्लबचंही एक सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनगटावर आत्ता घड्याळ असेल जे ऑक्सिजन दाखवतं. जर्नल क्लब म्हणजे एकाने छापून आलेला शोधनिबंध घ्यायचा आणि बाकीच्यांनी तो फाडायचा. माझ्या बॅचमेटने घेतला होता न्यू इंग्लंड जर्नलमधला डिसेंबर २०२०चा, पल्स ऑक्सिमीटरवरचा. हे यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं आणि त्यावरून हिशोब करतं. कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ची. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात असं दिसलं की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात खरा ऑक्सिजन ८८च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा घडलं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. त्वचेचा रंग प्रकाश शोषतो, हिशोब चुकतो. कोविडमध्ये आपण सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो, आठवतंय? त्या दिवशी सेमिनारला कोणी चहाला उठलं नाही. टेबलाभोवती सगळे आपापली बोटं बघत बसले होते.

मीही मोठ्या तावातावाने बोलले होते त्या दिवशी. मोजणारं यंत्र तपासून घ्यायला नको का वगैरे. मोजणारा माणूस माझ्या डोक्यात आला नव्हता.

आता माझा थीसिस. विषय फिजिऑलॉजीत अगदी घासून गुळगुळीत झालेला, कोल्ड प्रेसर टेस्ट. हाइन्स आणि ब्राउन या दोघांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत आणलेली. एक हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, चार-पाच डिग्रीला, एक मिनिट. रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. प्रश्न असा, की ज्यांच्या आईला किंवा वडिलांना हाय बीपी आहे अशा तरुण मुलांचं बीपी इतरांपेक्षा जास्त चढतं का? तीस मुलं आईवडिलांना बीपी असलेली, तीस नसलेली. सगळी आमच्याच फर्स्ट इयरची, विशीच्या आतबाहेरची. बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीवरून यायचा. आणायचे आमचे मामा. कॉलेजमध्ये वॉर्डबॉयला, लॅब अटेंडंटला आम्ही सगळेच मामा म्हणतो. लॅब उघडण्यापासून मशीनचा पारा सांडला तर भरण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते ऐका. पोरगं हात घालून बसलंय, ओठ चावतंय, ‘मॅडम, काढू का?’ विचारतंय. मिनिट संपत आलंय. दुसऱ्या दंडावर पट्टा आहे, तो भराभर फुगवायचा, हवा सोडायची, ऐकायचं, पाऱ्याकडे बघायचं, लिहायचं. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने सोडायची असते. मी सोडायचे, काय सांगू, टायर पंक्चर झाल्यासारखी. आणि लिहायचे १३०. ८०. १४०. ९०.

डेटा झाला. दोन गटांत सरासरी सात मिलिमीटरचा फरक आला, पी व्हॅल्यू छान ०.०५च्या आत. म्हणजे फरक योगायोगाने आलेला नसावा असं म्हणायला जागा. मी खूश, गाईड सर खूश. सबमिशनला चार महिने होते. डेटाचा सेमिनार लागला.

त्या दिवशी मी फक्त बारा स्लाइड केल्या होत्या, शिकले होते ना! एका स्लाइडवर वीस मुलांचे आकडे नमुन्यादाखल टाकले होते. शेवटी मॅडमनी विचारलं, ‘कोणाला प्रश्न?’ आमच्याकडे ज्युनियर सहसा प्रश्न विचारत नाहीत. सीनियरच्या सेमिनारला ज्युनियरने प्रोजेक्टर लावायचा आणि चहा सांगायचा, हा अलिखित नियम. पण त्या वर्षी नवीन आलेला ज्युनियर, लातूरकडचा, शांत पोरगा, त्याने हात वर केला.

‘मॅडम, सगळे आकडे शून्यावर का संपतात?’

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच. वीसपैकी चौदा.

आणि मी काय म्हणाले माहितीये? ‘पारा तिथेच थांबला तर मी काय करणार?’ सगळे हसले. तोही बिचारा ओशाळून हसला आणि खाली बसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘चहा घेऊ या.’ बस, एवढंच.

मी तेवढ्यावर थांबले नाही. कॉरिडॉरमध्ये त्याला गाठलं आणि सुनावलं. ‘सीनियरला सगळ्यांसमोर असं विचारतात का? शंका असेल तर नंतर येऊन विचारायचं.’ तो ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. आज हे सांगताना सुद्धा कान गरम होतात.

रात्री हॉस्टेलवर मी रजिस्टर उघडलं. पाऱ्याच्या मशीनवर खुणा दोन-दोनच्या असतात. म्हणजे आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ वर संपणार. प्रामाणिकपणे वाचलं तर साधारण पाचातला एक शून्यावर संपायला हवा. साठ मुलं, प्रत्येकी आधीचं आणि नंतरचं बीपी, प्रत्येकात वरचा आणि खालचा, एकूण २४० आकडे. शून्यावर संपणारे अठ्ठेचाळीसच्या आसपास असायला हवे होते. मी पेन्सिलने खुणा करत गेले. १६३.

तुम्ही म्हणाल, थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडलं? १३४चे १३० लिहिले तर काय आभाळ कोसळलं? पेशंटला तपासताना कदाचित फार नाही. पण मी शोधत होते ते सात मिलिमीटर! आणि माझी पट्टी होती दहा-दहाची. कापड सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि हातात फूटपट्टी घ्यायची ती नुसत्या फुटाच्या खुणांची, त्यातली गत.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मला रात्री दोनच्या सुमारास सुचली आणि मग झोप लागली नाही. कोणत्या मुलाच्या घरी बीपी आहे हे मला माहीत होतं. फॉर्म मीच भरून घेत होते. तर १३६ दिसल्यावर मी १३० लिहिलं की १४०? एखाद्याच्या वडिलांना बीपी आहे हे माहीत असताना हात कुठे गेला असेल? मी मुद्दाम काही केलं नव्हतं, देवाशपथ. पण मुद्दाम न करताही माझा निकाल मीच लिहून ठेवला असेल, आणि तसं झालं नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आकडा एकदा गोल झाला की मूळचा परत येत नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे दुखणं जुनं आहे आणि शहाण्या लोकांनाही झालेलं आहे. इतकं, की त्यावर खास मशीन बनवली गेली. १९६४मध्ये जेफ्री रोज आणि सहकाऱ्यांनी लंडनला असं मशीन केलं की मोजणाऱ्याला पारा दिसायचाच नाही. आवाज आला की दट्ट्या दाबायचा, आकडा नंतर बघायचा. १९७०मध्ये दुसरं आलं, त्यात शून्य दर वेळी वेगळ्या ठिकाणी सरकलेलं. आधी मोजायचं, मग शून्य किती सरकलं होतं ते बघून वजा करायचं. म्हणजे मोजताना तुम्हाला खरा आकडा माहीतच नाही, गोल कशाचा करणार? माणसावर विश्वास नाही म्हणून केलेलं मशीन, किती छान!

सकाळी गाईड सरांकडे गेले. रजिस्टर दाखवलं. सर बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, ‘माझा थीसिस लायब्ररीत आहे, जाऊन बघ. त्यातलेही बहुतेक शून्यावरच असतील.’ मी काही बोलले नाही. ‘आहे तसा सबमिट केलास तर पास होशील. कोणी मोजत बसणार नाही. परत करायचं असेल तर चार महिने आहेत, उन्हाळा आहे आणि मुलांची परीक्षा जवळ आलीये. तू ठरव.’

मला वाटलं होतं सर ओरडतील, किंवा निदान ‘परत कर’ असा हुकूम तरी देतील. हुकूम असता तर सोपं गेलं असतं.

मी दोन दिवस काहीच ठरवलं नाही. आईला फोन केला, तिला यातलं काही सांगितलं नाही, नुसतं जेवलीस का वगैरे. तिसऱ्या दिवशी ज्युनियरला कँटीनला घेऊन गेले, चहा सांगितला आणि माफी मागितली. तो गडबडला. म्हणाला, ‘मॅडम, मी चूक काढायला नव्हतं विचारलं. मला खरंच वाटलं मशीन बिघडलंय.’ मग मी त्याला विचारलं, ‘उरलेले चार महिने माझ्यासोबत बर्फात घालशील का?’

आम्ही पद्धत ठरवली ती त्या लंडनच्या मशीनवरून उचललेली, फक्त देशी. मी पाठ करून बसायचं आणि फक्त ऐकायचं. पहिला आवाज आला की ‘आला’, गेला की ‘गेला’. तो पाऱ्याकडे बघून आकडा लिहिणार. हवा सेकंदाला दोन मिलिमीटर. माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत पारा मिलिमीटरभर खाली गेला, तरी तो सगळ्यांच्याच बाबतीत जाणार. आणि घरच्या बीपीचा फॉर्म मुलाने परस्पर पाकिटात घालून सरांच्या टेबलाच्या खणात टाकायचा. मलाही माहीत नाही, त्यालाही नाही. एथिक्स कमिटीला बदलाचं पत्र दिलं, मंजुरी यायला अठरा दिवस गेले. ते अठरा दिवस काय करायचं? सराव.

सराव कोणावर? मामांवर. मामांवरच सगळे शिकायचे. दर वर्षी फर्स्ट इयरचं बीपीचं प्रॅक्टिकल असलं की डेमोला मामा. बाही वर करून स्टुलावर बसायचे, सर किंवा मॅडम दाखवायचे, मग दोन-चार मुलं करून बघायची. आणि जर्नलमध्ये सगळे लिहायचे १२०/८०. मीही लिहिलंय, एमडीला आल्यावर शिकवताना फळ्यावर लिहिलंय, मामांच्या शेजारी उभं राहून.

त्या दुपारी पाच मिनिटं शांत बसवलं, बोलू दिलं नाही. मामांना ते जरा जड गेलं. दंड हृदयाच्या पातळीला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मी पाठ करून. ‘आला.’ ‘गेला.’ ज्युनियर काही बोलेना. मी वळून त्याच्या कागदाकडे बघितलं. १६८/१०२. मग आम्ही जागा बदलली, तो ऐकणार, मी बघणार. १६६/१००. हा शून्य मात्र खरा होता.

दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. तेवढंच. मामा म्हणाले, ‘मॅडम, इतकी वर्षं पोरं मोजतात, कोणी काही बोललं नाही.’ निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती त्यांची. डोकं दुखायचं अधूनमधून, ते उन्हामुळे म्हणायचे. मी त्यांना घेऊन मेडिसिनच्या ओपीडीत गेले. लाइनमध्ये उभी राहिले. तिथल्या रेसिडेंटने मला ओळखलं, म्हणाला, ‘अरे, तुमचा पेशंट?’ हो म्हटलं.

किती वर्षांपासून चढलेलं होतं, कोणाला माहीत. नोंदी तर ढीगभर होत्या. दीडशे मुलांची बॅच, वर्षानुवर्षांची जर्नलं, आणि सगळीकडे १२०/८०.

पुढचं भराभर सांगते. साठ मुलं परत जमवणं हा एक वेगळाच किस्सा आहे, काहींनी सरळ सांगितलं, ‘मॅडम, एकदा गोठवलंत ना.’ नवीन मुलं घेतली. दिवसाला तीन, कधी दोन. मे महिन्यात रसवंतीवाला बर्फ द्यायला कां-कू करायला लागला, त्याच्याच धंद्याचा सीझन. मामांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, बर्फ कधी कमी पडला नाही. शेवटच्या दिवशी सरांनी खण उघडला, पाकिटं फोडली, गट लावले. सातचा फरक आता दोनवर आला होता. पी व्हॅल्यू ०.०५च्या कुठल्या कुठे बाहेर. म्हणजे माझ्या साठ मुलांत तरी काहीच दाखवता आलं नाही.

याचा अर्थ आईवडिलांच्या बीपीचा मुलांशी संबंध नाही असा बिलकुल घेऊ नका. संबंध आहे, तो भरपूर लोकांवर तपासलेला आहे. घरात बीपी असेल तर तुमचं तपासून घ्या, वीस-बावीसचे असलात तरी. साठ मुलांच्या छोट्या अभ्यासात तो दिसला नाही, एवढंच मी म्हणू शकते. पण मनापासून सांगते, तो आकडा बघून पोटात गोळा आला. रद्द केलेला डेटा दिसायला किती देखणा होता!

पुन्हा गुरुवार, पुन्हा अडीच. मी दोन्ही डेटा शेजारी-शेजारी दाखवले आणि काय झालं ते सांगितलं. यावेळी प्रश्न पुष्कळ आले. सॅम्पल कमी पडलं का, पाण्याचं तापमान दर वेळी तपासलं का, मुलं परीक्षेच्या टेन्शनमध्ये होती तर आधीचंच बीपी चढलेलं नसेल का. या शेवटच्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं म्हटलं. मॅडमनी वडे मागवले. वायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘निकाल निगेटिव्ह कसा?’ मी सगळं सांगायला लागले तर दोन मिनिटांत त्यांनी पान उलटलं आणि हृदयाच्या आउटपुटवर विचारायला लागले. पास झाले.

आता मी दुसऱ्या कॉलेजात शिकवते. फर्स्ट इयरच्या मुलांचे छोटे सेमिनार माझ्याकडे असतात, पंचवीस-पंचवीसच्या बॅचचे. बीपीच्या दिवशी मी आधी काहीच शिकवत नाही. एका माणसाला बसवते, दहा मुलांना एकेक करून बीपी घ्यायला लावते. आकडा कोणाला सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. मग चिठ्ठ्या उघडून आकडे फळ्यावर. पहिल्या वर्षी दहापैकी सात जणांचं १२०/८० आलं. मी विचारलं, ‘खरं सांगा, आवाज किती जणांना ऐकू आला?’ बराच वेळ गप्प. मग मागून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मला काहीच नाही आलं. पण १२०/८० लिहिलं की कोणी विचारत नाही ना.’

तिला मी पुढे बोलावलं. पट्टा एक बोट वर होता आणि स्टेथोस्कोपचा गोल भाग उलटा फिरलेला. नीट केलं, परत हवा सोडली. ती डोळे मिटून ऐकत होती आणि एकदम म्हणाली, ‘आला!’

मामांचा मागच्या महिन्यात फोन आला होता. गोळ्या चालू आहेत, नातीचं बारसं आहे, या म्हणाले. बीपी किती आहे विचारलं तर म्हणे, ‘१३२/८४, मॅडम. दोनदा मोजायला लावलं मी त्यांना.’

चला, थांबते. पुढच्या भागात बेडकांबद्दल बोलू, ते काजळीचे ड्रम मी डोक्यातून काढू शकत नाहीये. आणि तो दवाखान्याचा मेसेज करणारा दादा ऐकत असेल तर, दवाखाना नाही रे बाबा. गुरुवारी अडीचला सेमिनार असतो, चहा असतो, येऊन बस.